मी जहाजावर, मोटर बावड्यात

भूत, करणी, बाहेरचं... असलं काही मी मानत नाही. इंदापुरात माझं मोटरपंपाच्या सामानाचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी रोज समोर येतात आणि प्रत्येकीचं कारण सापडतं – कधी उंदीर, कधी व्होल्टेज, बहुतेक वेळा मालकच. त्यामुळे कुणी ‘काहीतरी विचित्र घडलं’ म्हणालं की मी आधी विचारतो, वायरिंग तपासलंस का? या वेळी ते मीच तपासलंय. तीनदा.

खरं तर मी इथे क्रूझच्या टिप्स लिहिणार होतो. मागच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मी, माझी बायको, तिची बहीण आणि कन्हेरीचे माझे साडू असे चौघं मुंबईहून चार रात्रींच्या क्रूझला गेलो. बारामतीच्या एका ट्रॅव्हलवाल्यानं ग्रुप काढला होता. परत आल्यापासून लोक विचारतात, कसं असतं हो? तर तेही सांगतो, कारण पुढचं त्यातूनच निघालं.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात आणि ती थेट संध्याकाळी केबिनच्या दाराशी उगवते. तोवर मी बॅग गेली असंच धरून चाललो होतो. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, कमी हलते. एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, जप्त होतो. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत. साडूंची शेंगदाण्याची चटणी गेटवरच राहिली आणि त्यांनी त्या सुरक्षारक्षकाला चार दिवस माफ केलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं – जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, फोन ते आपणहून पकडतो आणि नंतर बिल बघून डोळे पांढरे होतात. मी तर फोन बंद करून केबिनमधल्या छोट्या तिजोरीतच ठेवून दिला.

मी मुळात संशयी माणूस, हे कबूल करतो. खोली आवरणारा मुलगा पहिल्याच दिवशी मला नावानं हाक मारायला लागला, तेव्हा मी बायकोला म्हणालो, याला माझं नाव कुणी सांगितलं? ती म्हणाली, “अहो, दारावर लिहिलंय!” फुकट आइस्क्रीम देतात तर त्यात काय गोम आहे, हेही मी शोधत होतो. बायकोचं मत एका वाक्यात: चार दिवस ‘आज भाजी काय’ हा प्रश्न नाही, म्हणजे स्वर्ग. साडूंचं वेगळंच.

“समदं झ्याक हाय,” कठड्याला टेकून ते म्हणाले, “पन एवढं पानी आन् उसाला थेंब चालत न्हाय, ह्याला काय अर्थ?”

उसाचं नाव निघालं आणि मी आइस्क्रीम आणायच्या निमित्तानं तिथून सटकलो. त्याला कारण होतं.

आमची शेती बावड्याला. मी आणि थोरला भाऊ, म्हणजे दादा – दोघांत नदीवर एकच मोटर. आठ दिवस त्याची पाळी, आठ दिवस माझी. मोटरीला मोबाईल स्टार्टर आहे. माझ्याच दुकानातला, मीच बसवलेला. नदीकाठच्या पेटीत एक सिम असतं. आपल्या फोनवरून कॉल केला की मोटर चालू, परत केला की बंद. पेटीत ज्यांचे नंबर घातलेत त्यांचाच कॉल ती घेते, आणि कधी कोणत्या नंबरनं काय केलं हे नोंदवून ठेवते. नंबर एक माझा, नंबर दोन दादाचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पाळीत मोटर मध्येच बंद पडायला लागली. पेटी उघडून पाहिलं तर नोंद होती – बंद, नंबर दोन. दादाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, “मी फोन केलाच न्हाय.” मी म्हणालो, “मग पेटीचं तुझ्यासंगं वैर हाय व्हय?” त्यानं मला आपला फोन उघडून दाखवला, त्यात तसा कॉल नव्हता. पण कॉल पुसायला कितीसा वेळ लागतो! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

क्रूझचे दिवस नेमके माझ्या पाळीत आले. पावसानं ओढ दिली होती, उसाला पाणी हवंच होतं. मी मोटर ऑटोवर टाकली, म्हणजे लाईट आली की ती आपोआप चालू व्हावी. आणि निघायच्या आदल्या दिवशी पेटीतून दादाचा नंबर काढून टाकला. त्याची पाळी लागायच्या आत परत येणारच होतो, पुन्हा घातला असता. त्याला कळलंही नसतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

परतताना मुंबईच्या बंदरात फोन चालू केला. मेसेजची रांग लागली. त्यात स्टार्टरचा एक होता, दोन दिवसांपूर्वीचा: मोटर बंद. कॉल नंबर एक. वेळ दुपारी एक बेचाळीस.

मी तो चारदा वाचला. त्या वेळी जहाज भर समुद्रात होतं. माझा फोन तिजोरीत बंद होता आणि मी जेवणाच्या रांगेत. बायकोनं काढलेला फोटो आहे, त्यावरची वेळ एक एक्केचाळीस. माझ्या दोन्ही हातांत ताटं आहेत. पहिला विचार आला – दादानं माझ्या नंबरचं दुसरं सिम काढलं! इंदापूर येईपर्यंत मी भांडणच जुळवत होतो.

घरी पोचलो तर दादा ओट्यावर बसलेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड उघडणार, तोच त्यानं उठून माझे दोन्ही हात धरले.

“तू व्हतास म्हनून वाचली रं ती,” तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

घटस्थापनेआधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुतात. दादा वहिनींना आणि गोधड्यांच्या गाठोड्यांना गाडीवरून नदीवर घेऊन गेला होता. वहिनींनी एक ओली गोधडी वाळायला मोटरीच्या लोखंडी पाइपावर टाकली. केबलचा जोड तिथं उघडा पडलेला, सगळ्या पाइपात करंट उतरलेला. वहिनी चिकटल्या. दादाला कळत होतं की हात लावला तर दोघंही जाऊ. पेटी वर काठावर, लांब. त्यानं पळता पळता स्टार्टरला फोन लावला.

“लागंचना! तीनदा लावला. रेंज न्हाय म्हनून शिव्या घालीत पळत व्हतो,” दादा म्हणाला, “आन् तेवढ्यात मोटर आपसूक बंद झाली. ती मागं पडली. पेटीत बघतो तर तुझा नंबर. समुद्रातनं बी तुझं ध्यान हितंच व्हतं!”

रेंजचा प्रश्न नव्हता हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेलो. आधी दादाचा नंबर परत घातला, मग पेटी खोलली. लाईट गेली असती तर तशी नोंद असती. ओव्हरलोडनं बंद पडली असती तर त्याचीही असती. दोन्ही नव्हत्या. फोन कंपनीकडून बिलाचा तपशील काढला, त्यात त्या दिवशी माझ्या नंबरवरून एकही कॉल नाही. दुसरं सिमही कुणी काढलेलं नाही, तेही विचारून आलो. पेटी बनवणाऱ्यांच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, “कॉल आल्याशिवाय अशी नोंद होतच नाही, साहेब.” हेच वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

दादानं गावभर सांगितलं. दसऱ्याला वहिनींनी पुरणपोळीचा डबा पाठवला, तळहातांवरचे फोड अजून ओले असताना. माझ्या वाटची पोळी मी बायकोच्या ताटात सरकवली. मला लाज वाटत होती आणि भीतीही, आणि त्यांतलं जास्त काय होतं ते आज सांगता येणार नाही. दिवाळी झाल्यावर मी बावड्याला गेलो आणि दादाला सगळं सांगितलं. नंबर मी काढला होता. आणि बंद करायचा तो कॉल मी केलाच नव्हता.

वहिनी दारात उभ्या होत्या.

“म्हंजी मी फोन लावीत व्हतो तवा...” दादा म्हणाला.

“व्हय. तुझा नंबर पेटीत नव्हताच.”

“भावजी, मी मेले असते,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

मी मान हलवली. दादानं विचारलं, “आन् बंद करायचा फोन तू केला न्हाईस?”

“न्हाय, दादा. आईशप्पत न्हाय.”

“पेटी तर म्हनतीया, तू केलास.”

“पेटी काय बी म्हनू दे. मी न्हाय केला.”

“दोन वर्सं मी येगळं काय सांगत व्हतो?” तो म्हणाला. “तवा तू माझ्यावर इस्वास ठेवलास?”

“न्हाय ठेवला.”

“मग आता मी तुझ्यावर कसा ठिवू?”

तो उठून गोठ्याकडे गेला. मी जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच बसून होतो, पण तो परत आला नाही.