रोहूचा खवला

भिंगारचे सत्तारमामा कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई. बोअरच्या पाण्याचा काचपात्रांवर चढणारा पांढरा थर ॲसिडनं काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तीच सवय त्यांना नडली.

राजेश्वरी मॅडमनी परदेशातून मिळवलेला चुनखडीचा एकच तुकडा शिरक्यासारख्या सौम्य आम्लात भिजत होता. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, जबडासुद्धा नसलेल्या माशांचे वाळूएवढे खवले त्यातून सुटायचे होते. मॅडम चार दिवस रजेवर गेल्या, दगड काही विरघळेना. चुना तो चुना, असं म्हणत मामांनी मदत म्हणून संडास धुवायचं ॲसिड ओतलं. दगड फसफसून गेला, पण त्या जहाल ॲसिडात खवलेही विरघळले; चाळणीत एकही उरला नाही.

निवृत्तीला तीन महिने राहिलेले, आणि मॅडम आज येणार. मामांना नको ती अक्कल सुचली. बाप मासे विकायचा. मामा सकाळीच बाजारातून रोहूचे खवले घेऊन आले, कात्रीनं बारीक केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावून भिंतीवर मॅडमनी लावलेल्या जुन्या खवल्याच्या फोटोशी ताडून पाहू लागले.

फोटोतल्या खवल्याला वर चकचकीत टोपी होती, खाली पोकळी, थेट दाढेसारखा. "मामा, आपले दात आणि हे खवले एकाच घडणीचे," असं मॅडम म्हणाल्या होत्या, तेव्हा मामांनी नुसती मान डोलावली होती. रोहूचा खवला मात्र नखासारखा पातळ, नुसत्या वर्तुळांचा. हा कुणालाही खपणार नव्हता.

तेवढ्यात मॅडम आल्या. मामांनी खाली बघत ॲसिडचं सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी रिकामी चाळणी उचलून उजेडात धरली. "दुसरा दगड नाही, मामा," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसत म्हणाल्या, "पण तुम्ही लपवलं नाहीत. तेवढ्यावर मी प्राचार्यांशी बोलेन."

मामांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मॅडमनी सहज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हा कुणाचा? तुलनेला ठेवलात का?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मामांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"न्हाई मॅडम. तुमाला फसवायला आनला हुता. जुळला न्हाई."