बाटली उत्तनलाच राहिली

गिरगावातून निघताना सासूबाईंनी माझ्या पिशवीत रिकामी बाटली कोंबली. "उत्तनला जातेसच, तर समुद्राचं पाणी आण. गुडघ्यांना लावीन." चौपाटी दोन पावलांवर, पण तिथलं पाणी म्हणे घाण!

भाईंदरला उतरून बैलगाडी केली. दोन्हीकडे मिठागरं, डोळे दिपवणारं ऊन आणि असले गचके की हाडं खिळखिळी झाली. उत्तनला मात्र जीव निवला. किनाऱ्यावर मावरं (मासळी) वाळत घातलेलं, पलीकडे स्वच्छ पाणी. बाटली भरली. एका घरी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण चापून खाल्लं.

परतताना देवळाच्या (इथं चर्चला देऊळच म्हणतात) पडवीत सावलीला टेकले. तिथं गरिबांचा धर्मादाय दवाखाना भरला होता. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, पैसा घेत नाहीत. मी मनात म्हटलं, वा!

रोजीबाय नावाची कोळीण तापलेली मुलगी घेऊन आली. डॉक्टरांनी हिवतापावर कोयनेलचं औषध लिहून दिलं. कंपाउंडरनं हात पुढे केला.

"बाटली?"

"बाटली न्हाय. ह्यो तांब्या हाय."

"तांब्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कशी चिकटवू? काचेची बाटली लागते. ज्याची त्यानं आणायची."

मुलीला माझ्या मांडीवर टाकून रोजीबाय पळाली. पोरीचं अंग नुसतं भाजत होतं. पहिली बाटली आणली, तिला रॉकेलचा वास. दुसरीला ताडीचा. दोन्ही परत! तिकडे डॉक्टर गाडीत बसायला निघाले.

"अहो, पोर फणफणलंय आणि तुम्ही बाटल्या काय हुंगत बसलाय?" मी कंपाउंडरवर खेकसले.

"बाई, लढाईमुळे काच मिळत नाही. ओंजळीत देऊ का औषध?"

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंचा समुद्र तिथंच ओतला, विहिरीवर बाटली विसळली आणि त्याच्यापुढे आदळली. मेल्यानं तीही हुंगली! मग भरली.

पहिला डोस पोरीच्या पोटात गेला तशी रोजीबाय रडायलाच लागली. "बाय, बाटली परत कवा देऊ?"

"ठेव गं तुलाच."

"बरा झाला. शेजारची दोन पोरं पन तापलीत. पाळीपाळीनं नेऊ."

पाळीपाळीनं! म्हणजे एकाचं औषध संपेपर्यंत दुसऱ्यानं तापात पडून राहायचं? गाडीत बसले तरी माझी चिडचिड थांबेना. औषध फुकट देणाऱ्यांना ते न्यायचं कशात, एवढंही सुचू नये?

घरी सासूबाईंनी पाण्यासाठी हात पुढे केला. मी सगळा संताप त्यांच्यापुढे ओकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या चाळीतून बाटल्या गोळा केल्या आणि बाजारात सुकी मासळी विकायला येणाऱ्या उत्तनच्या बायकांबरोबर पोतंभर धाडल्या.

उलट निरोप आला. रोजीबायनं सुके बोंबील पाठवले होते, पोरगी खडखडीत बरी झाली होती. आणि कंपाउंडरनं विचारलं होतं, "बाटल्या पोचल्या. बुचं कुठायत?"

सासूबाईंनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आता त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी चाळीचे जिने पुन्हा चढतायत, दारोदार बुचं मागत.