भोयर सरांचा संशय

भोयर सर धरमपेठेतल्या घरी गणिताची शिकवणी घ्यायचे आणि दारातच आमचे तळहात पाहायचे. सूत्र लिहून आणलं असेल तर? दूधवाला, भिंतीवरचं घड्याळ, बँकेतल्या बाईंचं गोड बोलणं, सगळ्यांवर त्यांचा संशय. सर्वात जास्त बरोबर उत्तरावर. "उत्तर बरोबर आलं ना? मंग कुठी तरी घोळ आहे," म्हणायचे.

संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. पुस्तकाच्या मागचं उत्तर आधी बघायचं आणि पायऱ्या ओढूनताणून तिथवर न्यायच्या, हा आम्हा दहावीवाल्यांचा सर्रास उद्योग. एकदा सरांनी घरी करायला गणित दिलं. विहिरीत सोडलेला दगड तीन सेकंदांनी पाण्यावर आदळला, तर पाणी किती खोलवर? शेवटी उत्तरही छापलेलं: तीस मीटर. माझं काही केल्या पंचेचाळीस येई. पाच गुणिले वेळेचा वर्ग, दुसरं येणार तरी काय? मैत्रीण शुभांगी म्हणाली, "वर्ग सोड ना वं, दहा गुणिले तीन कर. जमते." सगळ्यांनी तसंच जमवलं. माझा हात मात्र धजेना.

दुसऱ्या दिवशी वह्या बघून सर कडाडले, "तीस मी मुद्दाम चुकीचं छापलं होतं!" मग माझ्या वहीपाशी थांबले. "हे कोणाचं पाहून लिहिलं वं?"

पंचेचाळीस दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. ते त्यांच्याही ध्यानात आलं, पण माघार घेतील तर शपथ! "घरी कोणी सांगितलं असन," म्हणून पुढे गेले. मला रडू फुटलं. शाबासकी राहू दे, या माणसानं एकदा माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढंच मला हवं होतं.

गेल्या वर्षी सरांची नजर पार गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. सरांची शिकवणी मात्र सुटली नव्हती. सर तोंडी गणितं सांगत, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, लिहून घेत. काकूंनी ती तपासायला मला बोलावलं. एका गणितात दगड गच्चीवरून जोरात खाली फेकला होता आणि उत्तर काढताना सर तो सुरुवातीचा वेग धरायचाच विसरले होते. मी चाचरत सांगितलं.

"दुरुस्त कर," सर म्हणाले.

"करून वाचून दाखवते, सर."

"काहून? मले नको वाचून दाखवू. पोरांले देऊन टाक."

काकू लिहिता लिहिता थांबल्या. मी कागद घेऊन जिन्यात आले आणि तिथंच बसून पोटभर रडले.