पॅलिएटिव्ह म्हणजे उपशामक

वडील कोलशेतच्या मिठागरावर कामाला होते. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. त्यांच्या पोटात गाठ झाली तेव्हा मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत जात होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना तपासून कंपाउंडरसाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. मी ती वाचू लागलो, तसे वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा जरा, आमचा साहेब वाचतोय!"

एक शब्द मला अडला. पॅलिएटिव्ह. तो घोकत शाळेत गेलो आणि मास्तरांच्या कोशात पाहिला. उपशामक. मास्तरांना विचारायला हवं होतं. पण तहान शमते, आग शमते, तसा रोगही शमणार, हे मला इतकं उघड वाटलं की धावतच घरी आलो. "रोग शमवणारं औषध आहे," आईला सांगितलं. तिने देवापुढे नारळ ठेवला.

औषधाने वडिलांना खरंच झोप लागू लागली. एका सकाळी ते म्हणाले, "बायला घेऊन ये रे. बघावीशी वाटते." बाय म्हणजे माझी थोरली बहीण, कल्याणपलीकडे दिलेली. भाताची लावणी चालू होती. अशा दिवसांत सासरच्यांनी तिला सहजासहजी पाठवलं नसतं. अगदीच बिकट आहे असं मी जाऊन सांगितलं असतं, तरच.

"बाबा, औषध लागू पडतंय. दिवाळीला आणतो तिला."

"तू शिकलेला. म्हनशील तसं."

भाद्रपदात ते गेले. बहीण आली ती दारातच बसली. "तुला तर इंग्रजी येत होतं ना रे?" एवढंच म्हणाली.

दहाव्यानंतर मी कंपाउंडरला विचारलं. "अरे, चिठ्ठीतच होतं," तो म्हणाला. "कळा सोसवाव्यात एवढ्यापुरतं औषध. बरं करणारं नव्हे."

पुढे मास्तरांच्या आधाराने मी पदवीपर्यंत पोचलो. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पदवी मिळाली तेव्हा बहीण ओवाळायला आली. तिच्या हातात तबक असतानाच मी त्या शब्दाचा अर्थ तिला सांगितला. इतकी वर्षं धीर झाला नव्हता.

"म्हणजे मला बोलवायला वेळ होता," ती म्हणाली.

"होता."

"बाबांनी माझं नाव काढलेलं?"

"काढलेलं."

निरांजनाची वात सारखी करायला ती वाकली, आणि बराच वेळ तशीच वाकलेली राहिली.