वंदनाच्या गल्लीला उंच रस्ता, आमच्या गल्लीला काहीच नाही

मंडळी, आज मैत्रिणीचा जाम हेवा वाटला.

पुरानंतर बदलापुरातल्या आमच्या वस्तीचा नवा आराखडा पालिकेच्या इंजिनीयरांनी सभेत दाखवला. वंदनाच्या गल्लीत उंच रस्ता, मोठा नाला, बागसुद्धा! शेजारच्या आमच्या गल्लीत काहीच नाही. पुरात दोघींची घरं सारखीच बुडाली होती.

मी विचारलं, "साहेब, त्यांचा रस्ता उंच केला की पाणी आमच्याकडेच येणार ना?"

"तुमचं दुसऱ्या टप्प्यात बघू," इंजिनीयर म्हणाले.

वंदना खूश होऊन नकाशाचे फोटो काढत होती. मी तोंड फिरवलं. तेवढ्यात तीच उठली.

"साहेब, दोन्ही गल्ल्यांचं एकत्र करा. नाहीतर आमचंही थांबवा. मला रोज हिच्या दारावरून जायचं असतं."

साहेबांनी आराखडा गुंडाळला, "पुन्हा बघतो" म्हणाले.

आता तर तिच्या मनाचाही हेवा वाटतोय. तिच्या जागी मी उठले असते का? तुम्ही उठला असता?