रिमोट मी दिला होता

ही एक गोष्ट मी आजवर कागदावर येऊ दिली नाही. आणि कागदावर मी काय काय आणलं आहे, ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल — मांत्रिकांना ललकारलं, गावातल्या मोठ्यांना भर चौकात प्रश्न विचारले, प्रत्येक पत्रकाखाली स्वतःचं नाव छापलं. हा पोरगा कोणाला भीत नाही, असं लोक म्हणतात. मी त्यांना म्हणू देतो.

सुरुवात कुठून करू? एका खेळापासून करावी लागेल — हसू नका. टीव्हीला जोडून खेळायचं टेनिस. दादानं भंडाऱ्यातल्या ओळखीच्या माणसाकडून ते जुनं मशीन आणलं होतं. पडद्यावर मोठ्या डोक्यांची, आखूड पायांची कार्टून माणसं. फटका जोरात बसला की चेंडूला आगीचं शेपूट फुटतं, आणि हरलेला खेळाडू मैदानातच बसकण मारून भोकाड पसरतो. रॅकेट म्हणून हातात रिमोट धरायचा आणि खरोखरच हात फिरवायचा. अड्याळच्या आमच्या घरात दादा ते रविवारी खेळायचा. मी रोज.

आता घराबद्दल. बाबा पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकलो तोच त्यांच्या पत्रकांवर. भूत, भानामती, अंगात येणं — बाबांनी काहीच सोडलं नाही. पण घरातली बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसते, यावर त्यांचं एकही पत्रक नाही. तेवढा मुलूख त्यांनी मायच्या ताब्यात राहू दिला. बाबा गेले, रीत राहिली. वहिनी लग्न होऊन आली, तीही बसू लागली — बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यात, पोत्यावर. वेगळं ताट, पाण्याचा वेगळा गडवा. कशाला शिवायचं नाही.

टीव्ही त्याच खोलीत होता.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. माय सकाळीच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायची, दादा एसटीनं भंडाऱ्याला. घरात मी आणि पोत्यावर वहिनी. ती माझा खेळ पाहायची — नुसती पाहायची नाही, चेंडू डावीकडे गेला की तिचा खांदाही डावीकडे जायचा. मी दुसरा रिमोट पुढे केला. ती मागे सरकली.

"मले शिवता येत नाही, भाऊजी. मायले समजलं त?"

मग मी भाषण ठोकलं. विटाळ कसा थोतांड आहे, शरीर म्हणजे काय, भीतीनंच रूढी कशा जगतात — सगळं. ती ऐकत होती, पण हात काही पुढे येईना. शेवटी मी म्हणालो, "काही झालं त मी आहो ना."

तिनं रिमोट घेतला. भाषणामुळे नाही, त्या शेवटच्या वाक्यामुळे घेतला. हे मला तेव्हाही कळत होतं.

मशीनमध्ये आपला खेळाडू आपणच बनवायचा असतो. तिनं अंबाडा निवडला, पिवळा सदरा निवडला, मग टिकली शोधू लागली. टिकली नव्हती. चेहऱ्यावर लावायला तीळ होता — तिनं तो मोठा केला आणि सरकवत सरकवत दोन भुवयांच्या मधोमध आणून बसवला. झाली टिकली. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात हे कधी आलं असतं का?

पहिल्या दिवशी तिचे सगळे फटके हवेत गेले. तिसऱ्या दिवशी तिनं मला हरवलं. माझा खेळाडू भोकाड पसरून बसला आणि वहिनी पदर खोचून, धापा टाकत म्हणाली, "तुमचं पत्रक चालते, भाऊजी. हात नाही चालत!" आमच्या घरात तिला मी पहिल्यांदाच इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं.

चौथ्या दिवशी रोवणा लवकर आटोपला. माय दारात आली तेव्हा पोतं रिकामं होतं, आणि वहिनी खोलीच्या मधोमध हात उगारून उभी होती.

"हे कोनं देलं इले?"

वहिनीनं मायकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती ती — हे मला सांगायलाच हवं — ती वाट पाहत होती. मी काही बोलणार याची तिला खात्रीच होती. माझ्या हातात पहिला रिमोट होता. मी तो टेबलावर ठेवला आणि म्हणालो —

"मले का माहीत? मी आताच आलो. तिनंच उचलला असन."

झालं. एवढंच. चौकात तासभर बोलणाऱ्या माणसाला एवढंच बोलायला किती वेळ लागतो? कुणी मारणार होतं का मला? मायनं दोन दिवस अबोला धरला असता, फार तर जेवण वाढताना ताट आपटलं असतं. त्या ताटाला भ्यालो मी.

मायनं तो रिमोट शुद्ध करायला गोमूत्राच्या बादलीत बुडवला. अर्थातच तो मेला. संध्याकाळी दादा आला, त्यानं बटणं दाबून पाहिली, मग तोही वहिनीलाच बोलला: "तुले कायले पाह्यजे होता?" मी तिथंच बसलो होतो. अजूनही वेळ होती. वहिनी म्हणाली, "चुकलं माझं."

माझी चूक तिनं माझ्यासमोर स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी पाणी पीत राहिलो.

पुढच्या महिन्यापासून तिचं पोतं बैठकीतून गेलं. बैठकीत बसवलं की हिचा हात चालते, असं मायनं ठरवलं. आता ती मागच्या गुरांच्या कोठ्यात बसते — बैल, तनसीचा म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग, वर गळकं पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात विंचू निघतात. तीन वर्षं झाली. दर महिन्याला चार दिवस. मी दिलेली शिक्षा.

उरलेल्या रिमोटवर मी काही दिवस एकटा खेळलो. त्या मशीनची एक सवय आहे: त्यात बनवलेली सगळी माणसं ते प्रेक्षकांत बसवतं. मी सर्व्हिस करायला उभा राहिलो की मागच्या रांगेत पिवळा सदरा दिसायचा, कपाळावर तीळ. बाकीचे टाळ्या वाजवायचे. तीही वाजवायची, मशीनच वाजवून घेतं. मी जिंकलो तरी, हरलो तरी. तिला पुसून टाकायला दोन बटणं पुरतात. बोट एकदा तिथवर नेलंही. मग मी मशीनच काढून पेटीत ठेवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो.

पुढच्या वर्षी मी त्या चार दिवसांविरुद्ध पत्रक लिहिलं. पेटून लिहिलं. त्यात एक वाक्य आहे — "मी माझ्या स्वतःच्या घरात या रूढीविरुद्ध उभा राहिलो." लोकांना तेच आवडलं. एका सभेनंतर कॉलेजातली एक मुलगी मला म्हणाली, तुमच्या वहिनी नशीबवान आहेत. मी मान लववून आभार मानले.

त्या पत्रकाचे गठ्ठे घरी आले तेव्हा घड्या घालायला वहिनी बसली. तिनं वरचा एक कागद उचलला आणि पूर्ण वाचला. सावकाश. मी समोरच होतो. ती कुठल्या ओळीवर पोचली, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. त्या ओळीवर ती थांबली. मग कागद खाली ठेवून तिनं विचारलं, "किती घड्या घालाच्या, भाऊजी — दोन का तीन?"

मी म्हणालो, "तीन."

तिनं सगळ्या घातल्या. कडा अगदी जुळवून.

तिनं मला टोमणा मारला नाही, ना तेव्हा, ना नंतर. ती मला हवं-नको विचारते, चहा देते, भाऊजी म्हणते. हसत मात्र नाही — म्हणजे हसते, पण तसं नाही.

तिला कोठ्यातून आत आणायला भाषण लागत नाही, पत्रक लागत नाही. चार शब्द लागतात: रिमोट मी दिला होता. हे मला तीन वर्षं पाठ आहे.

आज तिचा दुसरा दिवस आहे. मी लिहितो आहे तिथून कोठ्याचं दार दिसतं. तिनं गडवा बाहेर ठेवला आहे, कुणी वरून पाणी ओतावं म्हणून. माय पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडते आहे. सुपाचा आवाज मला इथवर ऐकू येतो.

तुम्हाला सांगितलं. मायला अजून सांगितलेलं नाही.