पावणेदोन टक्क्यांचं पाणी

अमेरिका पाहण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या साबणाच्या, बिस्किटांच्या आणि दाढीच्या पात्यांच्या कंपन्यांचं सात पिढ्यांचं कूळ तपासून बसलेला माणूस साऱ्या बुंदेलखंडात एकच सापडेल, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. हा शब्द आता तिकडे कोणी वापरत नाही, असं पुण्याहून येणारे पाहुणे आम्हाला हसून सांगतात. नसतील वापरत. आमचे पूर्वज झाशीला येताना जे शब्द बरोबर घेऊन आले, तेच आम्ही जपून वापरतो. नवे आणायला परत कोण जातंय! आतोबांचे पूर्वज मराठ्यांच्या वतीने इथला वसूल पाहायचे. पुढे राज्यं गेली, देश स्वतंत्र झाला, आतोबा वीज खात्यात नोकरी करून निवृत्तही झाले, पण वसुलाची ओढ काही त्यांच्या रक्तातून गेली नाही. ती भागवायला त्यांनी परदेशी कंपन्यांचे शेअर धरले. शेअरचा भाव चढला की पडला याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. कंपनी दर तिमाहीला लाभांश किती देते आणि आपण घातलेल्या पैशांवर तो शेकडा किती पडतो, एवढंच ते पाहतात. या टक्क्याला ते यील्ड म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा हळू होतो.

मी सदर बाजारातल्या एका बँकेत नोकरीला, त्यामुळे परदेशी पैसे पाठवण्याचे कागद माझ्या गळ्यात. पहिल्यांदा लाभांश जमा झाला तेव्हा त्यातला पाव हिस्सा अमेरिकेच्या सरकारने आधीच कापून घेतला होता. मला वाटलं, आता आतोबा माझ्यावर आणि अमेरिकेवर एकदमच तोंडसुख घेणार. पण ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "म्हणजे चौथाई! अरे, आपण अख्ख्या हिंदुस्थानाकडून चौथाई वसूल करायचो, आता ते आपल्याकडून करतायत. करू देत. कारभार जाणणारे लोक दिसतात." त्या दिवसापासून अमेरिकेबद्दल त्यांच्या मनात आपलेपणाच निर्माण झाला. लाभांश आला की ते लक्ष्मी ताल या तळ्याकाठी जाऊन महालक्ष्मीपुढे नारळ फोडतात आणि घरी पुरणपोळीचा बेत होतो. त्या बेताचं तूप लाभांशात कधीच भागत नाही, पण हे आत्याने एकदा बोलून दाखवलं तेव्हा ते दुपारभर तिच्याशी बोलले नव्हते.

कंपनी निवडायची त्यांची रीत म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहायची रीत. घराणं जुनं हवं, मिळकत सगळी उडवणारं नको, आणि वाईट दिवसांतही देण्याघेण्यात हात आखडलेला नसावा. नुसता यील्ड फुगलेला दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. लक्ष्मी गेटापाशी औषधांचं दुकान चालवणारे गुप्ताजी एकदा नाचतच आले. "पंडितजी, अठारह परसेंट दे रई है! जहाज की कंपनी है, विलायत की!" आतोबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "गुप्ताजी, लड़का इतना सुंदर है, कमाता है, दहेज भी नहीं मांगता, तो अब तक कुँवारा काहे बैठा है?" मग त्यांनी समजावून सांगितलं की भाव गाळात गेला म्हणून टक्का वर दिसतोय, कंपनीने जास्त दिलंय म्हणून नव्हे. गुप्ताजींना पटलं नाही. पुढल्याच वर्षी त्या जहाजवाल्यांनी लाभांश बंद केला, आणि तेव्हापासून गुप्ताजी आपल्या पुतण्यासाठी मुलगी पाहायलाही आतोबांना बरोबर नेतात.

माल स्वतः चाखल्याशिवाय शेअर घ्यायचा नाही, हाही त्यांचा नेम. परदेशी डबाबंद सुपाच्या कंपनीवर त्यांचा डोळा होता, तेव्हा बबीनाच्या छावणीतल्या एका साताऱ्याकडच्या मेजरबाईंकरवी त्यांनी दिल्लीहून डबा मागवला. आत्याने तो गरम केला, चाखला, मुकाट्याने परत चुलीवर ठेवून त्याला हिंगमोहरीची फोडणी दिली. तरीही कोणाला गिळवेना. आतोबांनी मात्र लगेच शेअर घेतले. म्हणाले, "असलं पाणी विकून हे लोक आजोबांच्या काळापासून लाभांश देतायत. कारभार किती चोख असेल, विचार कर!" हळूहळू त्यांना सगळीकडे यील्डच दिसू लागला. दारचं लिंबाचं झाड त्यांच्या लेखी उत्तम कंपनी होतं. दर उन्हाळ्यात सहकुटुंब येऊन राहणारा आणि रिकाम्या हाताने येणारा मावसभाऊ ही बुडीत कंपनी होती, पण घराण्यातली असल्यामुळे विकता येत नव्हती.

इतका हिशेबी माणूस एका बाबतीत मात्र साफ अडाण्यासारखा वागायचा. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तो हट्ट. त्यांची एकुलती एक मुलगी मीनू आधी ग्वाल्हेरला दिली होती. आतोबा तिला भेटायला जात ते स्वतःच्या सुरईसकट. एकदा ऐन मे महिन्यात सुरई गाडीतच फुटली. मीनू ताकाचा पेला घेऊन समोर उभी होती, तिच्याकडे न बघता हे उठले आणि शेजारच्या घरी जाऊन पाणी पिऊन आले. शेजारणीला वाटलं, मीनूकडे नळ गेलाय. बिचारी दोन बादल्या भरून देऊन गेली. आत्या सांगायची, मीनू त्या बादल्यांकडे बघत किती वेळ नुसती उभी होती. त्यानंतर तिने वडिलांना पाण्याचं कधी विचारलं नाही.

पुढे मीनू नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली, तिथे तिला मुलगी झाली. आत्याचा जीव तिकडे ओढ घेऊ लागला. पासपोर्ट तयार, मीनूचं बोलावणं तयार, पण आतोबा हलेनात आणि त्यांना सोडून आत्या जाईना. "अहो, आपल्यात नातवंड झालं की सुटतं ते," आत्या म्हणायची. "ते देशावर," आतोबा म्हणायचे. "आपण झाशीचे. इथं नाही सुटत. माझ्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं. आणि महिनाभर तिथं मी पाणी कुठून आणू, सांग." आत्या पोळ्या जरा जास्तच जोरात लाटायची. नात मोबाइलच्या पडद्यावरच मोठी होऊ लागली. तिला मराठी कळायचं, बोलता यायचं नाही. ती नुसतीच हात हलवायची आणि आत्या पडदा पदराने पुसायची.

याच सुमारास आतोबांच्या अकलेला काहीतरी झालं, अशी माझी खात्री पटली. तीन टक्क्यांखालच्या कंपनीला उंबऱ्याआत न घेणारा हा गृहस्थ पावणेदोन टक्के यील्डचा शेअर घेऊन बसला! अमेरिकेतली पाणीपुरवठ्याची कंपनी, भावही चढा. गुप्ताजींनी दुकानातून ओरडून विचारलं, "काय पंडितजी, सठिया गए का?" आतोबा नुसते हसले आणि पुढल्या महिन्यात अजून थोडे घेतले. मी तर कागद करायला नकार देणार होतो. व्हिडिओ कॉलवरही त्यांचे प्रश्न विचित्र होऊ लागले. नातीचं विचारायचं सोडून हे विचारायचे, "मीनू, तुमच्या नळाला पाणी कसं आहे? बिल कोणाचं येतं?" मीनू म्हणायची, "बाबा, पानी एकदम ठीक आ रहा है, आप टेंशन मत लो."

शेवटी एक दिवस ते भर दुपारी बँकेत माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "दोन तिकिटं काढायची. मीनूकडे जायचंय." माझा कानांवर विश्वास बसेना. मी विचारलं, "आणि पाणी?" तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मीनूच्या गावात नळाचं पाणी हीच कंपनी पुरवते. सरकारी नाही, भागधारकांची आहे. म्हणजे अंशतः का होईना, माझी आहे. मालकाने आपल्याच नळाचं पाणी प्यायला कोणतं शास्त्र आड येतं?" मी म्हटलं, "आणि जेवण?" "डाळ-तांदूळ-पीठ इथून नेऊ. शिजेल आपल्याच पाण्यात. राहता राहिली वीज. तिचेही दोन शेअर घेतलेत." एवढं बोलून ते ज्या गंभीरपणे माझ्याकडे बघत होते, त्यामुळे मला हसू आलं, आणि मी तारखा लिहून घेतल्या. वर्षभर आम्ही ज्याला वेडेपणा म्हणत होतो, त्यातून हा म्हातारा लेकीच्या दारापर्यंतची वाट बांधत होता.

पुढचं मला आत्याने सांगितलं. मीनूच्या घरात पाऊल ठेवलं, सामान उतरलं, मीनूने आईला पाणी दिलं आणि सवयीने वडिलांना वगळलं. आतोबा सोफ्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मीनू, पाणी दे." मीनू लगबगीने स्वयंपाकघरात गेली. नळ वाहत राहिला, पण पेला काही बाहेर येईना. आत्या आत जाऊन बघते तर पेला भरून ओसंडतोय आणि ही तोंडावर ओढणी धरून रडतेय. शेवटी तो पेला नातीनेच दोन्ही हातांनी धरून आजोबांकडे नेला. आतोबांनी एका दमात संपवला आणि म्हणाले, "छान आहे. आपल्या पहूज नदीच्या पाण्याइतकं गोड नाही, पण छान आहे." मग अजून एक पेला मागितला.

महिन्यासाठी गेलेले दोघं चांगले चार महिने राहून आले. आल्यावर आत्याने नवीच शंका काढली, की मीनू बिल भरते त्यातूनच तुमचा लाभांश येतो, म्हणजे तुम्ही लेकीचा पैसा खाताच की! आतोबांनी रात्रभर नव्हे, पण चहा गार होईपर्यंत विचार केला. आता त्या कंपनीचा लाभांश आला की त्यात भर घालून ते नातीला शकुनाचे म्हणून पाठवतात. पाठवणावळ त्या रकमेहून जास्त पडते, पण मी काही बोलत नाही. त्या दिवशीही पुरणपोळी होतेच.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. आतोबा आता थकलेत, ऐकूही कमी येतं. मी भेटायला गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "तिच्या गावाला पाणी कोण पुरवतं?" मी कानाशी जाऊन सांगितलं, "महानगरपालिका. तिचे शेअर नसतात, आतोबा." ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मग तसंच पी रे. ती देईल ते पी. ग्वाल्हेर इथून दोन तासांवर होतं, आणि मी सुरई घेऊन जात होतो."